फुसका बार झाला की हात थांबवा: पिस्तुलातले अडथळे आणि पुन्हा भरलेली काडतुसं

२०२१च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनबाहेरच्या एका बंदिस्त शूटिंग रेंजवर मी ९ एमएम पिस्तूल चालवत होते. सहावी की सातवी गोळी असेल. चाप ओढला आणि पावसात भिजलेल्या फटाक्यासारखा आवाज आला. हाताला धक्का जवळजवळ नाहीच. माझा डावा हात मात्र शिकवल्याप्रमाणे लगेच कामाला लागला. मॅगझिनला (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला) खालून थाप मारायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून सोडायची आणि पुन्हा नेम धरायचा. बोटं स्लाइडवर पडलीही होती, तेवढ्यात मागे उभा असलेला रेंज ऑफिसर खणखणीत आवाजात 'स्टॉप' म्हणाला. पिस्तूल रिकामं करून उघडलं, नळी बाहेर काढून उजेडात धरली, तर पलीकडचं काही दिसेना. साधारण दोन इंच आत गोळी अडकून बसली होती. मी स्लाइड ओढून पुढचं काडतूस चढवलं असतं, तर दुसरी गोळी त्या पहिलीवर जाऊन आदळली असती.

ती काडतुसं पुन्हा भरलेली होती. डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते वाचूनच घेतली होती, कारण स्वस्त होती.

आपल्याकडे 'फुसका बार' हा शब्द पोकळ घोषणांसाठी वापरतात. पिस्तुलात फुसका बार होतो, म्हणजे दारू नसल्याने किंवा अपुरी पडल्याने गोळी नळीतच अडकू शकते, तेव्हा मात्र तो सगळ्यांत धोक्याचा बिघाड असतो, कारण त्यानंतर पिस्तूल बाहेरून अगदी ठणठणीत दिसतं. अडथळा आला की हात झपाट्याने चालले पाहिजेत, असं प्रशिक्षणात शिकवतात. स्वसंरक्षणाच्या प्रसंगासाठी ते बरोबरही आहे. पण रेंजवर, आणि त्यातही पुन्हा भरलेली काडतुसं असताना, आधी थांबायला शिकावं लागतं. अमेरिकेत नव्याने रेंजवर जाऊ लागलेल्या मराठी मंडळींसाठी मी हे सविस्तर लिहिते आहे.

पुन्हा भरलेलं म्हणजे नेमकं काय

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, प्रायमरची ठिणगी दारू पेटवते, वायूचा दाब गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. प्रायमर, दारू आणि गोळी संपतात, पुंगळी उरते. काडतुसाच्या किमतीतला मोठा वाटा या पितळेचा असतो. म्हणून रेंजवरच्या आणि पोलीस प्रशिक्षणातल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून धुतात, साच्यातून दाबून मूळ मापाला आणतात, जुना प्रायमर काढून नवा बसवतात, दारू मोजून भरतात आणि वर नवी गोळी दाबतात.

हेच काम कुणी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःसाठी केलं तर त्याला रीलोड किंवा हँडलोड म्हणतात. व्यवसाय म्हणून करून विकलं तर डब्यावर 'रीमॅन्युफॅक्चर्ड' लिहिलेलं असतं, बोलताना नुसतं 'रीमॅन'. विक्रीसाठी काडतुसं बनवायला संघराज्याचा परवाना लागतो. पण हा परवाना बनवण्याची परवानगी देतो, दर्जाची हमी देत नाही. अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा १९२६ साली स्थापन झालेली 'सामी' ही उद्योगाची संस्था ठरवते, आणि त्या पाळणं ऐच्छिक आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत 'सीआयपी' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार तपासणी सक्तीची असते, इथे तसं नाही.

रीमॅन वापरणारे सगळे मूर्ख असतात असं मी म्हणणार नाही. स्पर्धेत उतरणारे कितीतरी नेमबाज वर्षानुवर्षं स्वतः काडतुसं भरतात, प्रत्येक पुंगळी हाताळतात आणि विकतच्या मालापेक्षा चांगला नेम साधतात. २०२०-२१च्या टंचाईत १८-२० सेंटला मिळणारी ९ एमएमची गोळी ६०-७० सेंटपर्यंत गेली, तेव्हा रीमॅनचा डबा बघून माझ्यासारख्या कुणाचाही हात पुढे जाणारच. प्रश्न इतकाच की काय विकत घेतो आहोत ते कळलेलं हवं.

मी पुण्याची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा, त्याच्या भिंतीजवळून शाळेत जात असे. तेव्हा आत काय चालतं याचा विचारही मनात आला नव्हता. आता कळतं की अशा कारखान्याचं खरं बळ एकसारखेपणात असतं. एका डब्यातल्या पुंगळ्या एकाच पितळेच्या, एकाच यंत्रातून निघालेल्या, वापर शून्य. माझ्या त्या रीमॅनच्या डब्यात पन्नास काडतुसं होती आणि बुडावरचे शिक्के बघितले तर नऊ वेगवेगळ्या कारखान्यांचे. काही पुंगळ्या एकदा वापरलेल्या, काही कदाचित पाचदा. बाहेरून सगळ्या चकचकीत.

चिमूटभर दारू

गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५ पीएसआय हवा भरतो. ९ एमएम काडतुसासाठी सामीने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. टायरच्या हजारपट, आणि तेही तुमच्या दोन्ही हातांच्या मुठीत. 'प्लस पी' लिहिलेल्या जादा दाबाच्या काडतुसांना ३८,५००. थोराड दिसणाऱ्या पॉइंट ४५ एसीपीला मात्र फक्त २१,०००.

हा दाब तयार करणारी दारू असते ४ ते ६ ग्रेनच्या आसपास. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, चिमूटभर मीठच. काही जलद जळणाऱ्या दारूंचं प्रमाण इतकं कमी असतं की पुंगळीत दुप्पट दारू पडली तरी ती वर ओसंडत नाही. भरणाऱ्याचं लक्ष एक क्षण उडालं, यंत्राचा दट्ट्या अर्धवट येऊन परत गेला, की एका पुंगळीत दोनदा दारू पडते आणि शेजारची कोरडी राहते. म्हणून डब्यात एक फुसकं काडतूस निघालं तर मी उरलेला अख्खा डबा बाजूला ठेवते. त्या कोरड्या पुंगळीची दारू कुठे गेली असेल, हा विचार मला पुढचा चाप ओढू देत नाही.

दारूखेरीज आणखी काय बिघडतं? वारंवार प्रसरण पावून आणि साच्यात दाबली जाऊन पितळ कडक होतं, मग तोंडाशी चीर जाते. त्या सैल तोंडात गोळी घट्ट बसत नाही. मॅगझिनमधून चढताना ती चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेच्या) उतारावर आपटते आणि पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. ९ एमएमसारख्या छोट्या पुंगळीत थोडीशी सरक पुरते. प्रायमर नीट खोल बसलेला नसेल, तर पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो आणि बार होत नाही. कधी याच्या उलट, स्लाइड बंद होतानाच तो उडू शकतो. लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमरभोवतीचं पितळ दाबून घट्ट केलेलं असतं. ते नीट साफ न करता नवा प्रायमर बसवला की तो वाकडा बसतो. काही पुंगळ्यांना आतून पायरी असते, त्या पुन्हा भरल्या तर त्या पायरीपाशी तुटू शकतात. शिवाय ९ एमएमच्या ढिगात पॉइंट ३८० एसीपीच्या पुंगळ्या मिसळतात. त्या जवळजवळ दोन मिलिमीटर आखूड असतात, पण चाळणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

आणि गोळीचं आवरण. स्वस्त मालात कधीकधी तांब्याचं आवरण नसलेली नुसत्या शिशाची गोळी असते. ज्या पिस्तुलांच्या नळीचा आतला छेद बहुकोनी असतो, त्यांच्या उत्पादकांनी अशा गोळ्या वापरू नका असं सांगितलेलं असतं, कारण शिसं आत साचत जातं आणि दाब वाढतो. तुमच्या पिस्तुलाबरोबर आलेली पुस्तिका काढून दारूगोळ्याचं पान वाचा. बहुतेक मोठ्या उत्पादकांनी रीलोड आणि रीमॅन वापरू नये, वापरल्यास वॉरंटी लागू होणार नाही, असं त्या पानावर छापलेलं असतं.

घरून निघण्यापूर्वी

नवा डबा घेतला की मी टेबलावर पांढरं कापड पसरते आणि काडतुसं एकेक हातात घेते. पन्नास काडतुसांना दहा मिनिटं लागतात. तेव्हा पिस्तूल त्या खोलीत नसतं, हा नियम मी कधी मोडत नाही.

आधी बूड बघा. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा किंचित आत असावा. बोट फिरवा, बोटाला टेकाड लागलं तर ते काडतूस बाद. काचेच्या तुकड्यावर उभं करून बघितलं तरी कळतं, टेकाड असेल तर डुगडुगतं. मग तोंडाकडे या. चीर, चेमटलेली कड, तिरकी बसलेली गोळी बघा. गोळी अंगठ्याने टेबलावर दाबून बघा, आत सरकली तर बाद. एकूण लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ९ एमएमसाठी सामीची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर आहे. त्यापेक्षा लांब असेल तर बादच, पण शेजारच्या काडतुसांपेक्षा डोळ्याला कळेल इतकं आखूड असेल तर मला जास्त भीती वाटते. गोळी आत सरकलेलं किंवा पॉइंट ३८०ची पुंगळी असलेलं काडतूस असंच सापडतं.

यानंतरची परीक्षा नेमबाज आवडीने करतात. पिस्तूल रिकामं करून, उघडून, फक्त नळी हातात घ्यायची आणि काडतूस चेंबरमध्ये सोडून द्यायचं. चांगलं काडतूस 'टक्' असा आवाज करून आपल्या वजनाने आत बसतं, बोटाने फिरवलं तर फिरतं, नळी उलटी केली तर अलगद बाहेर पडतं. दाबून बसवावं लागलं तर पुंगळी फुगीर राहिलेली आहे. आधीच्या मालकाच्या पिस्तुलात तिचं बूड फुगलेलं असतं आणि साच्याने तो फुगवटा पुरता गेलेला नसतो. पॉइंट ४० कॅलिबरच्या पुंगळ्यांत हे मला जास्त आढळलं आहे.

काडतूस कानाशी हलवून दारू आहे की नाही ते ऐकणं, किंवा तराजूवर वजन करून फुसकं शोधणं, या दोन्हींवर विसंबू नका. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो, म्हणजे जवळजवळ दारूच्या वजनाइतका. तराजू तुम्हाला खोटा दिलासा देईल. पुंगळीत किती दारू आहे हे बाहेरून कळण्याची घरगुती युक्ती नाही. म्हणून सगळी तपासणी करूनही रेंजवर कान आणि हात जागे ठेवावे लागतात.

रेंजवर

डोळ्यांना सुरक्षा चष्मा हवाच, आणि त्यावर झेड८७.१ या अमेरिकी सुरक्षा मानकाचा शिक्का हवा. नंबरचा साधा चष्मा त्यासाठी चालत नाही. कानात बोंडं आणि वर मफ, दोन्ही घाला, कारण पिस्तुलाचा आवाज १५५ डेसिबलच्याही वर जातो आणि बंदिस्त रेंजवर तो भिंतींवरून परत येतो. आता यातली अडचण ऐका. इतकं झाकलेल्या कानांना, शेजारच्या लेनमध्ये कुणी मोठ्या कॅलिबरचं चालवत असताना, फुसका बार ऐकूच येत नाही. म्हणून आवाजावर भरवसा ठेवू नका. धक्का नेहमीसारखा बसला का? स्लाइड मागे जाऊन आली का? कागदावर नवं भोक पडलं का? पहिल्या दोन मॅगझिनमध्ये मी पाच-पाचच काडतुसं भरते, प्रत्येक गोळीनंतर कागदाकडे बघते आणि पाच भोकं मोजूनच पुढे जाते. वेळ जातो, जाऊ द्या.

काही बिघडलं तर कुठल्याही प्रकारात पहिलं काम एकच. नळी समोर, लक्ष्याच्या दिशेला. बोट चापावरून काढून बाजूला सरळ. पिस्तुलात काय झालं ते बघायला स्वतःकडे वळवायचं नाही, लेनबाहेर वळून मित्राला दाखवायचं नाही. नवे लोक नेमकं हेच करतात, आणि यात वाईट हेतू नसतो, नुसतं आश्चर्य असतं.

*चाप ओढला, फक्त 'टक्' झालं.* पिन पडली, बार नाही. नळी समोर ठेवून मनात तीस अंक मोजा. प्रायमर कधीकधी उशिरा पेटतो आणि बार काही क्षणांनी होतो. त्या वेळी काडतूस चेंबरबाहेर, तुमच्या हाताशी असेल तर पुंगळी उघड्यावर फुटेल. तीस झाले की मॅगझिन काढा, स्लाइड ओढून काडतूस बाहेर पडू द्या, त्यावर तळवा धरून झेलू नका. मग प्रायमर बघा. मध्यभागी खोल ठसा असेल तर दोष काडतुसाचा. ठसा हलका असेल तर पिनची स्प्रिंग कमजोर झालेली, आत घाण साचलेली, किंवा प्रायमर उंच बसलेला असू शकतो. तेच काडतूस पुन्हा चढवून 'आता बघू' करू नका. रेंजवर निकामी काडतुसांसाठी वेगळा डबा असतो, त्यात टाका. काहीच बाहेर पडलं नाही तर चेंबर डोळ्याने तपासा. ते रिकामं असेल, तर बहुधा मॅगझिन नीट बसलेलं नव्हतं.

*पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली.* धुराड्यासारखी दिसते. मॅगझिन काढा, स्लाइड पूर्ण मागे ओढा, पिस्तूल थोडं उजवीकडे कलवा, पुंगळी पडते. हे वारंवार झालं तर आधी स्वतःच्या मनगटाकडे बघा. मनगट सैल धरलं तर पूर्ण पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही. दारू कमी भरलेली असली तरी हेच होतं. कारखान्याच्या नव्या काडतुसांनी दोन मॅगझिन चालवून बघा, तिथे होत नसेल तर उत्तर मिळालं.

*दोन काडतुसं एकदम आत घुसली.* जुनी पुंगळी चेंबरमधून निघालीच नाही आणि मागून नवीन काडतूस येऊन तिच्यावर टेकलं. स्लाइड मागे ओढून अडकवा, मॅगझिन जोर लावून उपटा, मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण ओढून आतलं सगळं बाहेर काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. फुगीर पुंगळी चेंबरला चिकटून बसते, तिची कड झिजलेली असेल तर तिला ओढणारा आकडाही निसटतो. ओढून निघत नसेल तर रेंज ऑफिसरला हात वर करून बोलवा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून खणू नका.

*स्लाइड पुरती बंद झाली नाही.* थोडी फट उरली आहे. इथे माझं मत ठाम आहे आणि बऱ्याच लोकांपेक्षा वेगळं आहे. पुष्कळ ठिकाणी स्लाइडच्या मागे तळव्याने ठोका मारून ती बंद करायला शिकवतात. पुन्हा भरलेल्या काडतुसांबरोबर ते करू नका. फट उरण्याचं कारण बहुतेक वेळा माप चुकलेली पुंगळी किंवा पुढे आलेली गोळी असते. ठोका मारून तुम्ही ते चुकीचं काडतूस चेंबरमध्ये पाचरीसारखं ठोकून बसवता. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, काडतूस बाहेर काढून बाजूला ठेवा.

*आवाज आला, पण फुसका.* आता या लेखाच्या मुद्द्यावर. हलका आवाज, धक्का नाही, स्लाइड हललीच नाही किंवा अर्धवट हलली, कधी पिस्तुलाच्या फटीतून न जळलेल्या दारूचे दाणे हातावर सांडलेले. यातलं एकही जाणवलं तर थांबा. थाप नाही, स्लाइड ओढून सोडणं नाही. नळी समोर, बोट बाहेर, तीस अंक. मग मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. त्याच्या देखरेखीखाली पिस्तूल उघडा. काही पिस्तुलं उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो, म्हणून त्याआधी चेंबर दुसऱ्यांदा तपासा. नळी वेगळी झाली की मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. उजेडाचं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर गोळी बाहेर गेली होती. अंधार दिसला तर ती आत आहे.

फक्त प्रायमर पेटला तर गोळी बहुतेक वेळा नळीच्या सुरुवातीलाच रुतते. मग पुढचं काडतूस पुरतं आत बसत नाही आणि माणूस नशिबाने वाचतो. थोडी दारू असेल तर गोळी दोन-तीन इंच पुढे जाते, मागे काडतुसाला पुरेशी जागा राहते, आणि पिस्तूल तयार असल्यासारखं बंद होतं. पुढच्या गोळीने नळी कड्यासारखी फुगते, फाटते, कधी स्लाइडला तडा जातो.

अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने बाहेर काढता येते असं कुणी सांगितलं तर त्या माणसाच्या शेजारच्या लेनमध्येही उभे राहू नका. ती लाकडी किंवा पितळी सळईने, हळूहळू ठोकून काढतात. लोखंडी सळईने नळीच्या आतल्या खाचा ओरबाडल्या जातात. मी स्वतः काढली नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने काढून झाल्यावर नळीतून उजेड टाकून दाखवला. आत एखादं काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे आणि ती बदलायचीच. माझी शाबूत होती.

*आवाज मोठा आला, धक्का जास्त बसला.* याकडे लोक सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतात, कारण पिस्तूल चाललेलं असतं. पडलेली पुंगळी उचलून बघा. प्रायमर सपाट होऊन कडांपर्यंत पसरलेला, त्याला भोक पडलेलं, पुंगळीचं बूड एका बाजूला फुगलेलं असेल तर तो डबा संपला. पुंगळी फुटते तेव्हा वायू खाली मॅगझिनच्या खोबणीतून बाहेर पडतो, मॅगझिन उडून पडतं, मुठीच्या कडा तडकतात, हात भाजतात. त्याआधीची खूण बहुतेक वेळा एखाद्या पुंगळीवर दिसलेली असते.

रिव्हॉल्व्हरवाल्यांना वाटतं त्यांना यातलं काही लागू नाही. फुसक्या बाराची गोळी तिथे फिरत्या चाकाच्या आणि नळीच्या मध्ये अडकून चाक जाम करू शकते. उंच प्रायमर घासूनही चाक अडतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सैल बसवलेल्या गोळ्या धक्क्याने पुढे सरकतात. चाक अडलं की जबरदस्ती करू नका.

दोष कुणाचा

प्रत्येक अडथळ्याचं खापर काडतुसावर फोडणं सोपं आहे. मॅगझिनची स्प्रिंग थकते, त्याचे ओठ (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) वाकतात, तेल सुकतं. माझ्या मॅगझिनच्या बुडाला मी मार्करने १, २, ३ असे आकडे घातलेत आणि वहीत लिहिते: तारीख, कुठलं मॅगझिन, कुठला डबा, त्याचा लॉट क्रमांक (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक), काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलते. तीन वेळा अडथळा आला आणि तिन्ही वेळा २ नंबरचं मॅगझिन असेल तर काडतुसं निर्दोष आहेत. वेगवेगळ्या मॅगझिनमध्ये, पण एकाच डब्यात आला तर डबा दोषी. त्यासाठी काडतुसं त्यांच्या मूळ डब्यातच ठेवायची, झाकण फेकून पिशवीत एकत्र ओतायची नाहीत. उत्पादकाने एखादा लॉट परत मागवला तर तुमच्याकडे तो आहे की नाही हे डब्यावरच्या क्रमांकाशिवाय कळणार नाही.

विकत घेताना विक्रेत्याला सरळ विचारा. पुंगळ्या एकदाच वापरलेल्या आहेत का, एकाच कारखान्याच्या निवडलेल्या आहेत का, लॉट क्रमांक आहे का, पिस्तुलाचं नुकसान झालं तर भरपाईचं काय. उत्तर देताना माणूस अडखळला तर नवी काडतुसं घ्या. दोन डब्यांतला फरक हॉटेलात एकदा जेवण्याएवढा असतो. घरात स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात तर रीमॅन कधीच नको.

आणि ओळखीतल्या कुणीतरी प्रेमाने दिलेली काडतुसं. आपल्याला कुणाच्या हातचं नाकारायला जड जातं, मग तो लाडू असो की काही. आमच्या गटातल्या एका काकांनी घरी भरलेल्या काडतुसांची थैली मला पुढे केली होती, थैलीवर कॅलिबर सोडून काहीही लिहिलेलं नव्हतं. ते अत्यंत काटेकोर माणूस आहेत. तरीही मी म्हटलं, "काका, तुम्ही तुमच्या पिस्तुलासाठी भरलीत, ती तुम्हीच चालवा." त्यांनी हसून थैली परत घेतली. घरी भरलेलं काडतूस फक्त भरणाऱ्याच्या हातून चालावं, यात त्याच्या कौशल्यावर अविश्वास नाही. त्याने ते त्याच्या नळीच्या मापाला, त्याच्या दाबाच्या अंदाजाने भरलेलं असतं.

परत येताना

प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, त्याची धूळ हातावर, बाहीवर, केसांत बसते. रेंजवरून निघताना साबण लावून थंड पाण्याने हात आणि तोंड धुवा, त्याआधी काही खाऊ नका. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२१ पासून धरलेला इशाऱ्याचा आकडा डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम आहे, फार थोडा. रेंजवरचे बूट दाराबाहेर, पुंगळ्या मुलांना खेळायला द्यायच्या नाहीत, आठवण म्हणूनही नाही.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, ज्या आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. एच-१बी किंवा तशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूकच नव्हे, काडतूसही बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राच्या आग्रहाखातर रेंजवर हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट भारतात जाण्याची. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला घेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. ते नकळत राहिलं होतं, जाणीवपूर्वक ताबा नव्हता, हे न्यायालयात मांडता येतं आणि त्यावरून असे गुन्हे रद्दही झालेले आहेत, पण तोवर सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाच्या कार्यालयात जाते. मी रेंजसाठी एक लाल पिशवी वेगळी ठेवली आहे. ती कधीही विमानतळावर जात नाही, आणि पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री मी बाकीच्या सगळ्या बॅगांचे कप्पे उलटे करून झटकते.